हवेच्या बंदुकीची वाटचाल

नसरापुराहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मार्गासनी हें गांव लागतें. येथून साखरच्या बाजूनें गुंजवण्यास गेलें म्हणजे राजगडाचा चढ सुरू होतो; त्यामुळें गडावर जाणाऱ्या पुष्कळशा मंडळींस हें नांव ठाऊक असतें. १९४८ पूर्वीं हा मुलूख भोर संस्थानांत मोडत असे, आणि त्या संस्थानाच्या तालुक्यांस विचित्रगड, राजगड, प्रचंडगड अशीं किल्ल्यांचीं नांवें होतीं. २०२४ सालीं वेल्हे तालुक्यास राजगड हें नांव देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनानें घेतला, तो या जुन्या रीतीशीं जुळणाराच होता. मुरुंबदेवाच्या डोंगरावर उभारलेल्या या गडावरून शिवाजी महाराजांनीं सुमारें पाव शतक राज्याचा कारभार पाहिला. त्या काळीं मावळच्या खिंडींतून वावरणाऱ्या शिपायाच्या हातीं बंदूक असली, तर ती तोड्याची असे. जळती जामगी कानावरील दारूस लावावयाची, दारूचा भडका व्हावयाचा आणि त्या भडक्याच्या जोरावर शिशाची गोळी सुटावयाची, असा तिचा क्रम. मावळांतला पाऊस ज्यानें पाहिला आहे, त्यास अशा बंदुकीची अडचण समजावून सांगावयास नको. जामगी विझली किंवा दारू सादळली, कीं बंदुकीची काठी झाली.

दारूवांचून गोळी फेकतां येईल काय, हा प्रश्न युरोपांतील कारागिरांनीं त्याच्याहि पूर्वीं हातीं घेतला होता. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथील राजघराण्याच्या शस्त्रसंग्रहालयांत सुमारें १५८० ची एक बंदूक आहे. लोहाराच्या भात्याचेंच तत्त्व तींत योजलेलें आहे. पुढें सतराव्या शतकाच्या मध्यास जर्मनींतील ओटो फॉन गेरिके यानें हवा काढून घेण्याचा पंप सिद्ध केला, आणि इंग्लंडांत रॉबर्ट बॉइल यानें १६६२ सालीं हवेचा दाब व तिचें आकारमान यांचें प्रमाण मांडलें. हवा निम्म्या जागेंत कोंडली तर तिचा दाब दुप्पट होतो, हा शाळेंत शिकविला जाणारा नियम तो हाच. राजगड ही स्वराज्याची राजधानी असतांनाच तिकडे हवेच्या शक्तीचें गणित कागदावर उतरत होतें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

या गणिताचा लष्करी उपयोग करून पाहिला तो ऑस्ट्रियानें. टायरोल प्रांतांतील बार्थोलोमेउस गिरांदोनी नांवाच्या कारागिरानें रचलेली हवेची रायफल त्या देशाच्या सैन्यानें १७८० च्या सुमारास स्वीकारली. पुण्यास नाना फडणीस कारभार पाहत होते, तो हा काळ. या बंदुकीचा दस्ता म्हणजेच हवेचें नळकांडें होतें. तें काढून पंपानें भरावयाचें आणि पुन्हां जागीं बसवावयाचें. पूर्ण भरण्यास सुमारें १,५०० वेळां पंप मारावा लागे. नळीच्या कडेस वीस गोळ्यांची पन्हळ असे, आणि एका भरणींत तीसएक गोळ्या पुरेशा जोरानें सुटत. ज्या युगांत तरबेज शिपाई मिनिटास दोन-तीन बार काढी, त्या युगांत ही करामत अद्‌भुतच म्हणावयाची. धूर नाहीं, ठिणगी नाहीं, पावसाची धास्ती नाहीं. १८०४ ते १८०६ या वर्षांत अमेरिकेच्या पश्चिमेकडील अज्ञात प्रदेश धुंडाळावयास गेलेल्या ल्युइस आणि क्लार्क यांनींहि हवेची एक रायफल बरोबर नेली होती, आणि वाटेंत भेटणाऱ्या मूळच्या रहिवाशांस ते ती मुद्दाम उडवून दाखवीत.

इतकें असूनहि १८१५ च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यांतून ही बंदूक गेली. तिच्या सांध्यांतील कातडी चकत्या ओल्या ठेवाव्या लागत. त्या सुकल्या कीं हवा निसटे. डांक दिलेलीं नळकांडीं रणांगणावरील आदळआपट सोसत नसत. शिवाय ती वापरणाऱ्या शिपायास वेगळें शिक्षण द्यावें लागे. दारूच्या बंदुकीस जें अडाणी हातांनीं जमे, तें या बंदुकीस जमेना. हवेची शक्ति साठवितां आली, परंतु ती सांभाळण्याची शिस्त सैन्यास पुरवितां आली नाहीं.

यानंतर हवेच्या बंदुकीनें रणांगण सोडलें आणि ती अंगणांत आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कमानीच्या म्हणजे स्प्रिंगच्या बंदुका निघूं लागल्या. नळी मोडून स्प्रिंग दाबावयाची. चाप ओढला कीं स्प्रिंग सुटून दट्ट्या पुढें धांवतो, त्याच क्षणीं हवा दाबली जाते आणि छर्रा बाहेर पडतो. अमेरिकेंतील मिशिगन प्रांतांत शेतकऱ्यांस पवनचक्क्या विकणारी एक कंपनी होती. १८८८ च्या सुमारास तिनें गिऱ्हाइकांस भेट म्हणून अशा लहान बंदुका द्यावयास आरंभ केला. पवनचक्की मागें पडली आणि बंदुकीसच मागणी येऊं लागली. 'डेझी' ही प्रसिद्ध कंपनी ती हीच. महाराष्ट्रांतहि गांवोगांवच्या जत्रेंत फळीवर रंगीबेरंगी फुगे लावून ते फोडावयास देतात, ती छऱ्याची बंदूक याच जातीची. पुष्कळांच्या नेमबाजीचा श्रीगणेशा तेथेंच झालेला असतो, आणि पुष्कळांचा तेथेंच संपतोहि.

कमानीच्या बंदुकींत एक दोष स्वाभाविकच असतो. छर्रा नळीच्या बाहेर पडण्यापूर्वींच दट्ट्या धांवूं लागतो, आणि त्याच्या हिसक्यानें बंदूक हलते. १९६० च्या दशकांत जर्मनींतील फाइनवेर्कबाउ या कारखान्यानें बंदुकीचा आंतला सांगाडा मागें सरकूं देऊन हा हिसका जिरविण्याची युक्ति काढली. परंतु खरा उपाय जुन्या गिरांदोनीच्या विचारांतच दडलेला होता. हवा आयत्या वेळीं दाबण्याऐवजीं ती आधींच दाबून ठेवावयाची, आणि चाप ओढतांच तिचा मोजका घोट नळींत सोडावयाचा. १९७० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडांतील डेस्टेट या कंपनीनें जनावरांस गुंगीचें औषध टोचणाऱ्या बंदुकांपासून आरंभ करून हा मार्ग पुन्हां उघडला. १९९० च्या दशकांत सामन्यांच्या रायफलीहि त्याच मार्गानें गेल्या. इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून या जातीस आतां पी.सी.पी. असें म्हणतात.

तिची रचना समजण्यास अवघड नाहीं. नळीच्या खालीं एक नळकांडें असतें. त्यांत सुमारें २०० बार, म्हणजे मोटारीच्या चाकांतील दाबाच्या नव्वद-शंभरपट दाबानें हवा भरतात. रेग्युलेटर नांवाची झडप त्यांतील थोडी हवा ठरीव दाबानें पुढच्या कप्प्यांत घेते. चाप ओढला म्हणजे एक लहान हातोडी दुसऱ्या झडपेवर आपटते, झडप क्षणभर उघडते आणि हवा छऱ्यास ढकलते. सामन्याच्या रायफलीचा छर्रा ४.५ मिलिमीटर व्यासाचा, वजनानें सुमारें अर्धा ग्रॅम आणि आकारानें डमरूसारखा मधें बारीक असतो. त्याचें तोंड चपटें ठेवतात, म्हणजे कागदास वाटोळें व स्वच्छ भोंक पडतें. सेकंदास सुमारें १७० मीटर या वेगानें तो १० मीटरांवरील कागद गांठतो. बंदूक जवळजवळ हलत नाहीं. आवाज टाळीएवढा. पहिला छर्रा आणि पन्नासावा छर्रा सारख्याच जोरानें जातो.

येथें या यंत्राच्या इतिहासाचें मर्म दिसून येतें. बंदूक जसजशी निर्दोष होत गेली, तसतसे सारे दोष ती धरणाऱ्याकडे आले. तोड्याच्या बंदुकीचा नेम चुकला तर दारूस बोल लावतां येई, कमानीच्या बंदुकीचा चुकला तर हिसक्यास. आधीं हवा भरलेल्या रायफलीपुढें अशी सबब उरत नाहीं. म्हणूनच शक्तीचें हें साधन पुढें संयमाचें साधन झालें.

हिंदुस्थानांत हा खेळ सामान्य माणसापर्यंत येण्यास वेळ लागला, याचें कारण राजकीय होतें. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें सरकारी परवान्यावांचून हत्यार बाळगण्याची येथील जनतेस बंदी झाली. काँग्रेसच्या आरंभींच्या अधिवेशनांतून या कायद्याविरुद्ध ठराव होत, ते निव्वळ शिकारीच्या हौसेनें नव्हत. एका सबंध समाजाचा अविश्वास केल्याचें तें शल्य होतें. नेमबाजी त्यामुळें संस्थानिक, लष्करी अधिकारी आणि शिकारी यांच्यापुरती उरली. स्वातंत्र्यानंतर १९४८ सालीं राष्ट्रीय छात्रसेना म्हणजे एन.सी.सी. स्थापन झाली आणि विद्यार्थ्यांच्या हातीं शिस्तीनें रायफल आली. १९५१ सालीं नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था निघाली. तिच्या मुळाशीं होते गणेश वासुदेव मावळणकर. मराठी घराण्यांतले, अहमदाबादेंत वकिली केलेले, गांधीजींचे अनुयायी आणि पुढें लोकसभेचे पहिले अध्यक्ष. अहिंसेच्या मार्गानें तुरुंगवास पत्करलेल्या गृहस्थानें रायफल-संघटना उभारावी, यांत विसंगति नाहीं. स्वतंत्र नागरिकानें हत्यार धरावें तें नियमांत राहून, ही त्यामागील दृष्टि होती. त्यांच्या नांवाच्या अखिल भारतीय स्पर्धेची पायरी चढून राष्ट्रीय स्पर्धेकडे जाण्याची वाट नेमबाजांच्या अनेक पिढ्यांस परिचित आहे.

महाराष्ट्रांत या रोपट्यास फळ आलें तें मुंबईस. एन.सी.सी.मधून आलेल्या अंजली वेदपाठक, म्हणजे लग्नानंतरच्या अंजली भागवत, वरळीच्या रेंजवर संजय चक्रवर्ती यांच्या हाताखालीं तयार झाल्या. २००० सालीं सिडनीच्या ऑलिंपिकमध्यें १० मीटर एअर रायफलची अंतिम फेरी त्यांनीं गांठली. भारतीय महिला नेमबाजानें ऑलिंपिकची अंतिम फेरी गांठण्याचा तो पहिलाच प्रसंग. २००३ सालीं मिलान येथें विश्वचषकाच्या अंतिम स्पर्धेंत त्यांनीं ४०० पैकीं ३९९ गुण मिळवून सुवर्णपदक घेतलें. चक्रवर्ती यांच्याच दुसऱ्या शिष्या सुमा शिरूर यांनीं २००४ सालीं कौलालंपूर येथील आशियाई स्पर्धेंत प्राथमिक फेरींत ४०० पैकीं ४०० गुण मिळवून जागतिक उच्चांकाशीं बरोबरी केली, आणि त्याच वर्षीं अथेन्सच्या ऑलिंपिकमध्यें अंतिम फेरी गाठली. या आंकड्यांचा अर्थ कळावयास लक्ष्याचें मोजमाप पाहिलें पाहिजे. दहा गुणांचा मध्यबिंदु अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. तो मोहरीच्या दाण्याहूनहि लहान. दहा मीटरांवरून तो डोळ्यास दिसत नाहीं. दिसतें तें ३०.५ मिलिमीटर व्यासाचें काळें वर्तुळ. न दिसणाऱ्या बिंदूवर ओळीनें चाळीस छर्रे लावावयाचे, तेव्हां चारशें गुण होतात.

असा खेळ नव्यानें आरंभूं इच्छिणाऱ्यानें प्रथम दुकानाकडे धांव घेऊं नये; प्रथम रेंज आणि शिक्षक शोधावा. सामन्याची रायफल परदेशाहून येते आणि तिची किंमत मध्यमवर्गीय कुटुंबास जड जाते. क्लबाची रायफल कांहीं महिने वापरून मग आपली प्रकृति, हातांची लांबी आणि खांद्याची ठेवण यांस अनुरूप अशी निवडणें शहाणपणाचें. कायदाहि माहीत हवा. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ज्या हवेच्या बंदुकीची शक्ति २० जूलहून अधिक, किंवा जिच्या नळीचा व्यास ०.१७७ इंचाहून, म्हणजे ४.५ मिलिमीटरहून अधिक, तिला परवाना लागतो. सामन्याची रायफल या मर्यादेच्या पुष्कळ आंत असते.

पहिले धडे कंटाळवाणे वाटतात. नळीचें तोंड सदैव लक्ष्याकडे. बंदूक रिकामी आहे असें कधींच गृहीत धरावयाचें नाहीं. नेम धरण्यापूर्वीं बोट चापावर न्यावयाचें नाहीं. नंतर उभें राहण्याची रीत. रायफलीचें वजन साडेपांच किलोपर्यंत असूं शकतें, आणि तें दंडाच्या जोरावर पेलावयाचें नसून कोपर बरगडीशीं टेकवून हाडांवर तोलावयाचें असतें. मग श्वास. अर्धा श्वास सोडून क्षणभर थांबावयाचें, आणि पांच-सात सेकंदांत बार झाला नाहीं तर बंदूक खालीं घ्यावयाची. बंदूक खालीं घेणें हीच नवशिक्यास सर्वांत कठीण जाणारी गोष्ट. छऱ्यावांचून नुसता चाप ओढण्याचा सराव घरच्या भिंतीपुढेंहि करतां येतो, आणि मोठे खेळाडू तो जन्मभर सोडीत नाहींत.

हौस जसजशी मुरते, तसतशी यंत्राची जाणहि वाढते. नवशिक्या गुण मोजतो. जाणता प्रथम भोंकांचा पुंजका पाहतो. पुंजका लहान असून एका बाजूस पडला, तर रायफलीचे दर्शक फिरवून तो मधें आणतां येतो. विखुरलेला असला, तर दुरुस्ती बंदुकीची नव्हे, उभें राहण्याची करावी लागते. प्रत्येक नळीस कोणता छर्रा मानवतो, हें परीक्षा करूनच ठरवितात. नळकांडें भरावयास सायकलच्या पंपाच्या धर्तीचा, परंतु तीन टप्प्यांचा पंप मिळतो. क्लबांत बहुधा पाणबुडे वापरतात तसल्या मोठ्या नळकांड्यांतून हवा घेतात. हवा सावकाश भरावी, कारण दाबतांना ती तापते आणि निवल्यावर दाब उतरतो. ती कोरडी असावी. पावसाळ्यांतील दमट हवा तशीच भरली तर आंत पाणी सांठून गंज चढतो. प्राणवायु मात्र कधींहि भरूं नये, कारण तेला-वंगणाशीं गांठ पडतांच स्फोट होतो. नळकांड्यावर त्याची मुदत कोरलेली असते, बहुधा दहा वर्षांची; ती उलटल्यावर सामन्यांत तें चालत नाहीं. आणि छर्रे शिशाचे असल्यामुळें हात धुतल्यावांचून खाण्यास शिवूं नये. ऑस्ट्रियाच्या सैन्यास जी शिस्त झेपली नाहीं, ती आज शाळकरी मुलामुलींच्या अंगवळणीं पडते.

परंतु जेथें रेंज नाहीं आणि शिक्षक नाहीं, तेथें काय घडतें? मार्गासनीसारख्या डोंगरकडेच्या गांवांत हवेची बंदूक मुलाच्या हातीं पडली, तर तिला पहिलें लक्ष्य मिळतें तें झाडावरचें पांखरूं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आणि त्यांतील १९९१ च्या दुरुस्तीनें शिकारीचें युग संपलें आहे. रानांतलें होलें किंवा बुलबुल टिपणें हा आज गुन्हा आहे. त्याहून मोठी हानि त्या मुलाचीच. पांखरूं पडलें कीं त्याचें शिक्षण तेथेंच थांबतें. कागदावर छर्रा नवांत गेला, तर दहाचा ध्यास लागतो. तेंच शिसें, तीच हवा आणि तोच हात. अंतर पडतें तें शेजारीं उभ्या असलेल्या गुरूमुळें. पुण्यास बालेवाडीच्या श्रीशिवछत्रपति क्रीडानगरींत उत्तम रेंज आहे. मावळांतल्या खेड्यापासून तें कांहीं फार दूर नाहीं. दूर वाटतें तें खर्चामुळें आणि कोणी वाट न दाखविल्यामुळें.

ती वाट चालून जातां येते, याचा दाखला कोल्हापूर जिल्ह्यानें दिला आहे. राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे हा शिक्षकाचा मुलगा. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनींत त्यानें नेमबाजी निवडली, पुढें रेल्वेंत तिकीट तपासनिसाची नोकरी केली, आणि बालेवाडीस सराव करीत १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें ५० मीटर रायफलच्या तीन पवित्र्यांच्या प्रकारांत कांस्यपदक मिळविलें. १९५२ सालच्या खाशाबा जाधवांच्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूनें मिळविलेलें हें पहिलेंच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याचा प्रकार काडतुसांचा, हवेचा नव्हे. परंतु स्थिरतेची विद्या दोहोंकडे एकच. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे. त्या स्वतः अथेन्सच्या ऑलिंपिकमध्यें खेळल्या होत्या, आणि त्यांचे गुरु तेच संजय चक्रवर्ती. सुमा शिरूर यांनीं २००६ सालीं नवीन पनवेल येथें नेमबाजीचा वर्ग काढला. टोकियो आणि पॅरिस येथील पॅरालिंपिकमध्यें चाकांच्या खुर्चींत बसून १० मीटर एअर रायफलचें सुवर्णपदक दोनदां जिंकणारी जयपूरची अवनी लेखरा ही त्यांची शिष्या. २०२२ सालीं कैरो येथें याच प्रकारांत जगज्जेता झालेला रुद्रांक्ष पाटील हा ठाण्याचा.

चक्रवर्ती २०२१ सालीं कोरोनाच्या सांथींत निवर्तले. त्यांनीं घडविलेल्या हातांनीं दुसरे हात घडविले, आणि ते आतां तिसऱ्या पिढीपर्यंत पोंचले आहेत. नळकांड्यांतील हवा दोन-तीनशें बारांनंतर संपते व पुन्हां भरावी लागते. विद्येचेंहि तसेंच आहे. ती एका पिढीनें दुसरींत भरावी लागते. भोर-वेल्ह्याच्या शाळांतून एखाद्या शिक्षकानें चार मुलें घेऊन बालेवाडीची वाट धरली, तर ही परंपरा राजगडाच्या पायथ्यापर्यंत येण्यास कोणतीच अडचण नाहीं.